फुफीचा हिस्सा

आमच्या घरी एक रिवाज आहे. एप्रिलअखेर आंबा उतरू लागला की पहिली चांगली पेटी फुफीच्या घरी जाते. अब्बा हयात असताना ते स्वतः एसटीने घेऊन जायचे. ते गेल्यापासून आम्ही मोटरसायकलला बांधून नेतो. फुफी दारातच पेटीवरून हात फिरवते, पेंढ्यातला एक आंबा काढून वास घेते आणि दरवर्षी तेच म्हणते, "बाबांच्या हातची कलमं आहेत रे ती." या पेटीचा आम्हांला अभिमान होता. बहिणीला विसरले नाहीत, असे लोक म्हणत, आणि आम्हांलाही ते खरे वाटे. गेल्या वर्षी आमच्या लेकीने त्या पेटीवरून एक प्रश्न विचारला, त्याची ही हकीकत. घरातली गोष्ट आहे, म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही. रत्नागिरीच्या आसपास खाडीकाठच्या कुठल्याही मोहल्ल्यात ती घडू शकेल.

लेक पदवीनंतर कायदा शिकायला लागली तेव्हा नात्यात कुजबुज झाली. मास्तरांची मुलगी, तिने बी.एड. करावे, उर्दू शाळेत लागावे, कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढायच्या? आमच्याकडे मुलगा असेल तर आयटीआय करून कुवेत-दुबईची वाट, मुलगी असेल तर शिक्षिका किंवा नर्स, असा ठरलेला हिशेब आहे. वकील म्हणजे भांडण लावणारा माणूस, हा समज तर घरोघर पक्का. खरे सांगायचे तर आमचाही होता. पण रत्नागिरीतच भागोजीशेठ कीर यांच्या नावाचे विधी महाविद्यालय असल्याने मुंबईला खोली घेऊन ठेवण्याचा प्रश्न गावातल्या गावातच सुटत होता, आणि लेकीचा हट्ट आमच्या विरोधापेक्षा मोठा होता.

दुसऱ्या वर्षाच्या सुटीत तिने सांगितले की तिला चार आठवडे गावोगावच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात बसायचे आहे. आम्ही विचारले, "हे अभ्यासक्रमात आहे की तुझी हौस?" अभ्यासक्रमात आहे म्हणाली. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांचा कायदा शिकणाऱ्याने निदान 12 आठवडे आणि पाच वर्षांचा शिकणाऱ्याने निदान 20 आठवडे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी काढायचे असतात, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. ते ठिकाण वकिलाचे ऑफिस असू शकते, न्यायाधीशाचे दालन असू शकते, सामाजिक संस्था असू शकते. बरीच मुले ओळखीच्या वकिलाकडे फायली लावून, झेरॉक्स काढून प्रमाणपत्र घेतात. काही तर तेवढेही करत नाहीत, प्रमाणपत्र मात्र येते. हिला गावात बसायचे होते.

आम्हांला आमचे बी.एड. आठवले. सराव पाठांच्या वेळी पहिल्या पाठाला आमचे हात असे थरथरत होते की फळ्यावर खडू दोनदा मोडला. मागच्या बाकावर आमचे प्राध्यापक वही घेऊन बसलेले. पाठ संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले की तिसऱ्या रांगेतल्या मुलाला तुझे काहीच कळले नाही, हे तुला दिसले का? आम्हांला दिसले नव्हते. आम्ही फळ्याकडे बघत होतो. असे पाठ घेतल्याशिवाय कुणाला वर्गात उभे करत नाहीत. मग ज्याच्या हाती माणसाचे घर, जमीन, कधी कधी जीव जाणार, त्याला नुसती कलमे पाठ करून कसे सोडायचे?

हा विचार आमचा नवा नाही. इमाम अबू हनीफा यांच्या दर्समध्ये शागिर्दांपुढे एकेक मसला ठेवला जाई, त्यावर वाद होई आणि मगच निर्णय लिहिला जाई. त्यांचे शागिर्द अबू यूसुफ गरीब घरचे होते. घरच्यांना मुलाची कमाई हवी होती, तेव्हा उस्तादांनी पदरचे पैसे देऊन त्यांना शिकते ठेवले. तेच पुढे हारून रशीदच्या काळात मुख्य काझी झाले आणि जमीनमहसुलावर त्यांनी 'किताबुल खराज' लिहिला. शागिर्दाच्या पोटाची सोय नसती तर तो दर्समधून उठून गेला असता, ही गोष्ट मास्तर म्हणून आम्हांला फार मोठी वाटते. आपल्याकडे 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकार विरुद्ध मनुभाई प्रागजी वशी या खटल्यात जवळपास हाच धागा पकडला. गरिबाला मोफत कायदेशीर मदत द्यायची असे राज्यघटनेचे 39-अ कलम सांगते. ती मदत देणारे चांगले वकील हवेत तर ते चांगल्या महाविद्यालयांतूनच येणार, म्हणून मान्यताप्राप्त खाजगी विधी महाविद्यालयांनाही इतर महाविद्यालयांप्रमाणे सरकारने अनुदान द्यावे, असे न्यायालयाने सांगितले.

केंद्र म्हणजे काय होते? ग्रामपंचायतीची एक खोली, एक टेबल, दोन बाके, मागे बॅनर. सोबत महाविद्यालयाच्या मॅडम आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे एक वकील. विद्यार्थ्याला कोर्टात उभे राहून बोलता येत नाही. त्याने ऐकायचे, लिहून घ्यायचे, अर्ज तयार करायला मदत करायची आणि माणसाला योग्य दारापर्यंत नेऊन सोडायचे. कायद्याच्या महाविद्यालयांत अशी केंद्रे चालावीत हे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच लिहिलेले आहे. तो कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला.

पहिल्या दिवशी कुणीच आले नाही. एक म्हातारे गृहस्थ रेशनकार्डाचे विचारून गेले, तेही पंखा चालू होता म्हणून थोडे बसले. दुसऱ्या आठवड्यापासून बायका येऊ लागल्या. कुणाचा नवरा आखातात आहे आणि आठ महिने पैसे नाहीत. कुणाला निराधार पेन्शनचा अर्ज करायचा आहे. कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे आणि निकाहनाम्यावर तिसरे. (या तिसऱ्या दुखण्याला आम्ही मास्तर मंडळी बरीच जबाबदार आहोत. उर्दूतले नाव मराठीत आणि मराठीतले इंग्रजीत उतरवताना आम्ही जे जे करून ठेवले आहे, त्याची फळे पासपोर्टच्या रांगेत लोक भोगत आहेत.)

लेक रोज रात्री वहीत लिहायची. तिच्या वहीतली एक गोष्ट आमच्या लक्षात राहिली. एक बाई तीन गुरुवार आली. तिन्ही वेळा रेशनकार्डाचेच विचारले. तिसऱ्या वेळी उठता उठता म्हणाली, "आणि बेटा, बापाच्या घराच्या कागदावर आपलं नाव आहे की नाही ते कसं बघायचं?" लेकीने खाली लिहिले होते, 'पहिले दोन गुरुवार ती मला पाहत होती.' ते वाचून आम्हांला मागच्या बाकावरचे आमचे प्राध्यापक आठवले.

अशा ऐकण्यातूनच मोठी कामे झाली आहेत. मुंबईच्या पोलीस कोठडीत बायकांना मारहाण होते, असे पत्र शीला बर्से या पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले होते. न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांशी बोलायला सांगितले. त्यांच्या अहवालानंतर 1983 च्या निकालात स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, चौकशीच्या वेळी स्त्री पोलीस आणि अटक होताच विधी सहाय्य समितीला खबर, अशा सूचना निघाल्या. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्पही 1990 पासून कैद्यांसाठी असेच काम करत आला आहे. कुणीतरी आधी जाऊन बसले, ऐकले, लिहून घेतले.

तर आता आमच्या घराकडे येतो.

केंद्रात जमिनीची प्रकरणे वाढू लागली तेव्हा मॅडमनी विद्यार्थ्यांना एक गृहपाठ दिला. दुसऱ्याचा सातबारा वाचण्याआधी स्वतःच्या घरचा वाचा. एक पिढी मागे जा, वारसनोंद कोणत्या फेरफाराने झाली ते शोधा आणि मयताचे सगळे वारस त्यात आले आहेत का ते पाहा. लेकीने सातबारा काढला, तलाठी कार्यालयातून फेरफाराची नक्कल आणली आणि अब्बांची जुनी ट्रंक उघडली. त्या रात्री इशाची नमाज पढून आम्ही घरी आलो तर ती ओटीवर कागद पसरून बसली होती.

"अब्बा, फुफीदादीचं नाव आपल्या जमिनीवर नाही."

आम्ही म्हणालो, "तिला पेटी जाते की दरवर्षी."

"पेटी म्हणजे हिस्सा का?"

आम्ही काही बोललो नाही. मग तिने ट्रंकेत सापडलेली कार्बन कॉपी पुढे केली. 1999 सालचा वारसनोंदीचा अर्ज. मयताचे वारस म्हणून दोन मुलगे, अब्बा आणि चाचा. खाली अब्बांची उर्दूत सही. "अक्षर तुमचं आहे," लेक म्हणाली.

अक्षर आमचेच होते. दादांचा इंतकाल झाला तेव्हा आम्ही बी.ए. होऊन बी.एड.च्या प्रवेशाची वाट पाहत होतो. घरात मराठी लिहिणारे आम्ही एकटेच, अब्बा आणि चाचा उर्दू शाळेतले. वारसांची नावे लिहिताना आम्ही विचारले होते, फुफीचे लिहायचे ना? कुणीतरी म्हणाले, तिचे लग्न झाले, तिला कशाला त्रास, ती थोडीच मागणार आहे? आम्ही पेन पुढे सरकवले. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नसतील. पुढे पंचवीस वर्षे आम्ही शाळेत मुलांना दीनियातच्या तासाला वारसाहक्क शिकवला. सूरह निसाच्या अकराव्या आयतीत अल्लाहने मुलाला मुलीच्या दुप्पट हिस्सा ठरवून दिला, हे सांगताना आम्ही अभिमानाने पुढे म्हणत असू, पाहा, ज्या काळात मुलीला काहीच नव्हते त्या काळात इस्लामने तिला वारस केले. फळ्यावर अपूर्णांक मांडून दाखवत असू. आमच्या घरचे गणित तर सर्वांत सोपे होते. दादी आधीच वारलेली. दोन मुलगे, एक मुलगी, एकूण पाच भाग. जमीन चाळीस गुंठे. अब्बांचे सोळा, चाचांचे सोळा, फुफीचे आठ. कागदावर मात्र वीस आणि वीस. म्हणजे आमच्या वीसातले चार गुंठे फुफीचे, आणि त्यावरची कलमेही.

लोक म्हणतात, शरीयत वाचवा. आम्हीही सभांना जाऊन बसलो आहोत. पण शरीयतमधला जो भाग आपल्याच घरात, आपल्याच हाताने अमलात आणायचा, त्यासाठी कुठल्या सरकारची परवानगी लागत होती? हे आम्ही दुसऱ्यांना विचारत नाही. त्या रात्री ओटीवर स्वतःलाच विचारले.

लेकीने तेव्हाच एक गोष्ट समजावली, ती वाचकांच्या उपयोगाची आहे. फेरफार नोंदीने मालकी तयार होत नाही आणि संपतही नाही. ती नोंद महसुलासाठी असते. मुस्लिम कायद्यात वारसाचा हिस्सा मरणाऱ्याचा श्वास थांबताक्षणी त्याचा होतो. नाव चढले नाही म्हणून तो बुडत नाही. मात्र नोंद चुकीची असल्याचे सिद्ध होईपर्यंत ती खरी धरली जाते, त्यामुळे नावे असलेले भाऊ उद्या जमीन विकायला निघाले तर बहिणीला धावपळ करावी लागते. आणि 'बहिणीने तोंडी सोडून दिले' हे पुरत नाही. स्थावरातला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र रीतसर नोंदवावे लागते, आणि तेही तिने समजून, राजीखुशीने केलेले हवे.

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघे फुफीकडे गेलो. तिचे वय आता पंचाहत्तरच्या पुढे. सगळे सांगून झाल्यावर ती बराच वेळ सुपारी कातरत राहिली. आम्हांला वाटले, आता म्हणेल, राहू दे रे, मला काय करायचंय जमीन घेऊन. ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर नको म्हटलं असतं. पण विचारलं नाही."

चार दिवसांनी तिचा फोन आला. "आठ गुंठे म्हणजे कुठून कुठपर्यंत रे?"

पुढचे काम वाटले होते तितके सोपे नव्हते. चाचा अजून आखातातच आहेत, मुलांकडे. त्यांना फोन केला तर आधी हसले, मग गप्प झाले. मग म्हणाले, "मास्तर, तुझी मुलगी वकील व्हायच्या आधीच घर फोडायला लागली." फोन ठेवला. त्यानंतर ईदला त्यांचा फोन आला नाही. ते लहानपणी आम्हांला खांद्यावर घेऊन भाट्याच्या पुळणीवर न्यायचे. ही किंमत वहीत कुठे लिहिता येत नाही.

सगळे वारस एकमताने आले असते तर काम लवकर झाले असते. तसे नसल्याने जुन्या नोंदीविरुद्ध प्रांताकडे अपील आणि इतक्या वर्षांच्या विलंबाच्या माफीचा अर्ज करावा लागला. फुफीचा मुलगा रिक्षा चालवतो. वकिलाची फी कुठून आणायची म्हणून तो मागे सरत होता. पण कायदेशीर मदतीसाठी बाईच्या उत्पन्नाची अट नाही, हे त्याला माहीत नव्हते आणि आम्हांलाही नव्हते. 1987 च्या कायद्याच्या 12 व्या कलमात स्त्रिया आणि मुले यांना ही मदत कमाई न पाहता मिळते. फुफीने अर्जावर उर्दूत सही केली आणि वकील मिळाले, फी न देता. ज्यांना ऑफिसपर्यंत जाणे होत नाही त्यांनी 15100 हा क्रमांक फिरवावा.

आणि इथे लेकीला या चार आठवड्यांतला सर्वांत मोठा धडा मिळाला. फुफीची फाइल तिनेच तयार करायला घेतली होती. वंशावळ काढली, नकला लावल्या. मॅडमनी पाहिले आणि फाइल तिच्याकडून काढून दुसऱ्या मुलीकडे दिली. म्हणाल्या, "या प्रकरणात तुझे वडील जाबदेणार आहेत. उद्या ही जमीन तुझ्याकडेही येऊ शकते. तू हिला कितीही प्रामाणिक सल्ला दिलास तरी तो तुझा सल्ला नसावा." लेक घरी येऊन रडली. तिला वाटले तिच्यावर अविश्वास दाखवला. आम्हांला मात्र त्या मॅडमबद्दल फार आदर वाटला. फुफीचे काम कुणीही केले तरी झाले असते. पण कोणते काम आपण करायचे नाही, हे पुस्तकातल्या प्रकरणाने तिला असे कधी कळले नसते.

तर आता त्या अपिलात आम्ही जाबदेणार क्रमांक दोन आहोत. आम्ही लेखी दिले आहे की वारसांचा अर्ज आमच्या अक्षरात आहे, त्यात फुफीचे नाव वगळले गेले ते चुकीचे होते आणि तिच्या हिश्श्याला आमची हरकत नाही. ते लिहिताना हात पहिल्या सराव पाठासारखाच थरथरत होता. चाचांचे म्हणणे अजून आलेले नाही. तारीख पडते, पुढे जाते.

मस्जिदीत एकदोघांनी विचारले, घरातली गोष्ट सरकारी टेबलावर नेली, बरे दिसते का? आम्ही त्यांना हिल्फुल फुजूलची आठवण दिली. मक्केत एका परदेशी व्यापाऱ्याचा माल घेऊन शहरातल्या बड्या माणसाने पैसे बुडवले. तो व्यापारी येमेनचा, त्याचे मक्केत कुणी नव्हते. तेव्हा काही लोक अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली की जुलूम झालेला कोणीही असो, त्याला हक्क मिळेपर्यंत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. त्या बैठकीत हजरत मुहम्मद (स.) होते, अगदी तरुण वयात, नुबुव्वतच्या कितीतरी आधी. पुढेही त्यांनी सांगितले की अशा करारासाठी आजही बोलावले तर मी जाईन. ज्याने पैसे बुडवले तो कुरैशचाच होता, म्हणजे करार करणाऱ्यांच्या घरातलाच. यावर त्या दोघांपैकी एकाने मान हलवली. दुसरे चप्पल शोधू लागले. पण तेच गृहस्थ परवा संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाले, माझ्या बहिणीचं नाव आहे की नाही ते तुमची मुलगी बघून देईल का?

लेकीने त्यांना गुरुवारी केंद्रात यायला सांगितले आहे. घरी बघून देणार नाही म्हणाली. आणि बहिणीलाही घेऊन या म्हणाली.

यंदाही पेटी घेऊन गेलो. फुफीने नेहमीसारखा हात फिरवला, वास घेतला आणि मग आमच्याकडे पाहून विचारले, "ही तुझ्या कलमांची की माझ्या?"

"अजून सांगता येत नाही," आम्ही म्हणालो. "मोजणी व्हायची आहे."

ती हसली. पेटीतले चार आंबे काढून पदरात घेतले आणि आत जाऊन पिशवीत भरून आणले. "हे तुझ्या पोरीला," म्हणाली. "माझ्या हिश्श्यातले."